भाजणीचा डबा आणि बाइटकोड

आमच्या फ्रीझरच्या सगळ्यात खालच्या खणात, मटारच्या पिशव्यांमागे, निळ्या झाकणाचा एक डबा होता. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर आईच्या अक्षरात ‘चकली भाजणी, दिवाळी’. साल लिहिलेलं नव्हतं. दर वर्षी नवा डबा येणारच, मग साल कशाला, असं तिला वाटलं असावं.

आई यंदा फेब्रुवारीत गेली. मिरजेच्या घरी, झोपेतच. त्याआधीच्या दिवाळीला ती तीन महिने आमच्याकडे ॲमस्टलवीनला होती. येताना दोन डबे घेऊन आली. एक संपवला, दुसरा तिनेच फ्रीझरमध्ये ठेवला. ‘पुढच्या वेळेला तयार असू दे,’ म्हणाली.

जूनमध्ये आपल्या मंडळाच्या संपादकांचा फोन आला. ‘आपल्यातले निम्मे लोक कॉम्प्युटरवर पोट भरतात, पण ते नेमकं काय करतात हे घरच्यांना सांगता येत नाही. तू तुझ्या कामाबद्दल सोप्या भाषेत लिही.’ मी लगेच हो म्हटलं. कारण हे काम मला एकदा माझ्या आईला समजावता आलं होतं, आणि खरं सांगायचं तर समजावलं तिनेच होतं.

मिरजेची उपमा

ही गोष्ट २०१२ सालची. स्काइपवर बोलता बोलता आईने विचारलं, “तू दिवसभर नक्की काय करतेस गं?”

“जावामध्ये प्रोग्रॅम लिहिते.”

“जावा? ते जावा-सुमात्रातलं?”

नावाचा उगम कॉफीतून त्याच बेटाकडे जातो, त्यामुळे ती फारशी चुकली नव्हती. मी सांगायला लागले. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला मराठी, इंग्रजी, डच काही कळत नाही. त्याला कळतात ते ठरावीक आकडे. अमुक आकडा म्हणजे बेरीज कर, तमुक म्हणजे ही किंमत तिकडे ठेव. त्यातही प्रत्येक जातीच्या प्रोसेसरचे आकडे वेगळे. ऑफिसातल्या संगणकाचे वेगळे, मोबाइलचे वेगळे. माणूस जे लिहितो त्याला सोर्स म्हणतात. सोर्सचं यंत्राच्या आकड्यांत भाषांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर.

जुन्या पद्धतीत कंपायलर एका विशिष्ट यंत्रासाठी पूर्ण भाषांतर करायचा. यंत्र बदललं की भाषांतर पुन्हा. जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये १९९१ साली ज्या भाषेवर काम सुरू केलं आणि जी १९९५ साली जावा या नावाने जगापुढे आली, तिने वेगळी वाट धरली. भाषांतर अर्ध्यावरच थांबवायचं. जे तयार होतं ते कुठल्याच खऱ्या यंत्राचं नसतं, एका कल्पित यंत्राचं असतं. आणि प्रत्येक खऱ्या संगणकावर त्या कल्पित यंत्राची नक्कल करणारा एक प्रोग्रॅम बसवायचा. तो उरलेलं काम करतो.

आई क्षणभर गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे भाजणी.”

“काय?”

“अगं, तांदूळ-डाळी निवडायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, वेगवेगळ्या भाजायच्या आणि दळून आणायच्या. एवढं केलं की अर्धं काम झालं. भाजणी काही धान्य राहत नाही आणि चकलीही झालेली नसते. पण ती विमानातून तुझ्याकडे येते. तिकडे तू गरम पाण्यात भिजवायची, सोऱ्यात घालायची, तळायची. शेगडी कसली का असेना.”

त्या अर्धवट भाषांतराला बाइटकोड म्हणतात आणि त्या कल्पित यंत्राला व्हर्च्युअल मशीन. पुण्यात इंजिनिअरिंग करताना आयआयटी मुंबईच्या डी. एम. ढमढेरे सरांच्या जाड पुस्तकातून मी कंपायलर शिकले होते. परीक्षेत मार्कही बरे पडले होते. पण बाइटकोड म्हणजे भाजणी हे मला सुचलं नव्हतं. मिरजेच्या घरी गॅसची शेगडी, आमच्याकडे इंडक्शन. भाजणी करणाऱ्याने एवढंच गृहीत धरायचं, की तिकडे कढई, तेल आणि सोऱ्या असेल. बाकी तिकडचं तिकडे.

स्खिपोलवर एकदा आईची बॅग कस्टम्सवाल्याने उघडायला लावली. डबा उघडून त्याने वास घेतला, हे पीठ कशाचं म्हणून विचारलं. माझी लेक तेव्हा सात वर्षांची, तिने डचमध्ये सांगितलं की आजीच्या चकलीचं. तो हसला आणि डबा परत दिला. जावाच्या व्हर्च्युअल मशीनमध्येही असा एक कस्टम्सवाला असतो, त्याला व्हेरिफायर म्हणतात. बाहेरून आलेला बाइटकोड चालवण्याआधी तो तपासतो. आकडा म्हणून ठेवलेल्या गोष्टीला कुणी वस्तू म्हणून वापरत नाही ना, उडी मारायची जागा भलतीकडे नाही ना, वगैरे. आणि जावाच्या प्रत्येक तयार फाइलचा शिक्का ठरलेला असतो. पहिल्या चार बाइट्स सोळाच्या पायावरच्या अंकांत लिहिल्या तर ‘कॅफे बेब’ असं वाचता येतं. तो शिक्का नसेल तर फाइल दारातूनच परत.

ॲमस्टरडॅमचा वाटा

आपण ज्या देशात राहतो त्याचा या सगळ्यात मोठा हात आहे, हे मात्र मला इथे येऊन बऱ्याच वर्षांनी कळलं.

१९४६ साली ॲमस्टरडॅममध्ये गणिताचं एक संशोधन केंद्र सुरू झालं, माथेमाटिश सेंट्रुम. तिथे एड्सखर डाइक्स्ट्रा काम करत. १९५७ साली त्यांचं लग्न झालं, तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी ‘प्रोग्रॅमर’ लिहिलं. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने ते मान्य केलं नाही, कारण असा काही व्यवसाय नसतोच. अखेर कागदावर ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असं लिहिलं गेलं. हे त्यांनी स्वतःच १९७२ सालच्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलं. आज याच शहराच्या आसपास आपली निम्मी मंडळी त्याच व्यवसायावर घराचे हप्ते भरतात.

डाइक्स्ट्रा आणि याप झोनेव्हेल्ड या दोघांनी १९६० च्या ऑगस्टमध्ये अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर चालू करून दाखवला. यंत्र होतं डच बनावटीचं, एक्स-१. काम पुरं होईपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं म्हणतात. झोनेव्हेल्डनी नंतर काढली, डाइक्स्ट्रांची कायम राहिली. त्या कंपायलरची एक गंमत अशी, की त्यातून निघणारा प्रोग्रॅम सगळं काम यंत्राच्या आकड्यांत करत बसत नसे. तो बराचसा आधी तयार करून ठेवलेल्या छोट्या उपप्रोग्रॅम्सना हाका मारत असे. ते सगळे उपप्रोग्रॅम मिळून एक्स-१ च्या वर एक सोयीचं, कल्पित यंत्रच उभं राहत होतं. व्हर्च्युअल मशीनची कल्पना तिथे दिसते.

त्या कल्पित यंत्राचा गाभा म्हणजे चळत. पंगतीत ताटांची चळत असते, वर ठेवलेलं ताट आधी उचललं जातं, तसं. दोन आणि तीन यांची बेरीज करायची तर: दोन ठेव, तीन ठेव, वरचे दोन उचलून बेरीज कर, उत्तर वर ठेव. जावाचं आणि पायथनचंही व्हर्च्युअल मशीन आजवर याच चळतीवर चालत आलं आहे.

पुढचा टप्पा आमच्या घरापासून सायकलवर जाता येईल इतका जवळ आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हरिये युनिव्हर्सिटाइटमध्ये अँड्र्यू टॅनेनबाउम आणि सहकाऱ्यांनी ‘ॲमस्टरडॅम कंपायलर किट’ तयार केलं. त्यामागचा हिशोब सोपा होता. समजा पाच भाषा आहेत आणि चार जातींची यंत्रं. प्रत्येक भाषेचं प्रत्येक यंत्रासाठी भाषांतर करायचं तर वीस भाषांतरकार लागतील. त्याऐवजी मध्ये एक कल्पित यंत्र ठेवलं, तर पाच भाषांपासून तिथवर पाच आणि तिथून यंत्रांपर्यंत चार, असे नऊ पुरतात. डच माणसाला काटकसर कळते, ती अशी.

आणि तिसरा टप्पा तर आपल्या मुलांच्या शाळेत पोचला आहे. माथेमाटिश सेंट्रुमचं नाव पुढे सीडब्ल्यूआय झालं. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत तिथल्या गिदो व्हान रॉसम यांना वेळ घालवायला काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी एक भाषा लिहायला घेतली. तिचं नाव त्यांनी आपल्या आवडत्या विनोदी टीव्ही मालिकेवरून ‘पायथन’ ठेवलं. १९९१ च्या फेब्रुवारीत ती सर्वांसाठी खुली झाली. पायथनही आधी बाइटकोड बनवतं आणि मग तो आपल्या व्हर्च्युअल मशीनवर चालवतं, फक्त हे पडद्यामागे होतं. माझी लेक आता पंधरा वर्षांची आहे, ती शाळेत हीच भाषा शिकते. सकाळी सायकलवरून जाताना तिला कल्पनाही नसते, की तिचा गृहपाठ ज्या भाषेत आहे ती भाषा दहा-पंधरा किलोमीटरवर जन्मली.

‘तळ’ म्हटलं की

आता ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ म्हणजे काय ते सांगते, कारण जावाची आणि पायथनची खरी वीण ती आहे. ही कल्पना नॉर्वेची. ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगॉर्ड यांनी अल्गोल ६० मध्ये भर घालून १९६७ साली सिम्युला ही भाषा पुढे आणली.

मोदकाचा साचा आणि मोदक यांत जो फरक, तोच क्लास आणि ऑब्जेक्टमध्ये. साचा एक, मोदक अनेक. प्रत्येक मोदकाचं सारण थोडं कमीजास्त असेल, पण आकार साच्याचा. आता ‘फराळ’ हा एक मोठा क्लास समजा. चकली, करंजी, शंकरपाळी हे त्याच्या पोटातले. फराळाच्या प्रत्येक प्रकाराला ‘तळ’ ही एक आज्ञा कळते. पण चकली तळणं वेगळं, करंजी वेगळी. प्रोग्रॅम लिहिणारा फक्त लिहितो, ‘या ताटातल्या प्रत्येकाला तळ’. ताटात काय आहे, हे लिहिताना त्याला ठाऊक नसतं.

मग ठरवतं कोण? व्हर्च्युअल मशीन, आणि तेही ऐन वेळी. प्रत्येक ऑब्जेक्ट स्वतःबरोबर एक खूणचिठ्ठी बाळगतो: मी चकली क्लासचा. त्या क्लासकडे एक तक्ता असतो, त्यात ‘तळ’ म्हणजे नेमकं काय करायचं ते नोंदलेलं. व्हर्च्युअल मशीन चिठ्ठी वाचतं, तक्ता बघतं आणि त्याप्रमाणे वागतं. यामुळे उद्या कुणी ‘अनारसा’ हा नवा क्लास आणला, तरी जुना प्रोग्रॅम बदलावा लागत नाही.

ही सोय फुकट मिळत नाही. दर वेळी चिठ्ठी वाचा, तक्ता बघा, त्यात वेळ जातो. सुरुवातीला जावा संथ म्हणून बदनाम होतं. १९९९ साली सनने ‘हॉटस्पॉट’ नावाचं व्हर्च्युअल मशीन आणलं. ते आधी बाइटकोड एकेक ओळ वाचून चालवतं आणि बाजूला मोजत राहतं, की प्रोग्रॅमचा कुठला भाग पुन्हा पुन्हा चालतोय. जो तुकडा हजारो वेळा चालतो, त्याचं मग त्या खऱ्या यंत्राच्या आकड्यांत पक्कं भाषांतर करून टाकतं. त्यात ते अंदाजही बांधतं. इथे आत्तापर्यंत फक्त चकल्याच आल्या, तर यापुढेही चकलीच येईल असं धरून तक्ता बघणंच सोडून देतं. मात्र एक छोटी खातरजमा ठेवतं. अचानक करंजी आली, की पक्कं भाषांतर बाजूला ठेवून पुन्हा एकेक ओळ वाचायला लागतं. चूक होत नाही, फक्त वेग जातो.

त्यामुळेच जावाचा सर्व्हर सोमवारी पहाटे बंद करून पुन्हा सुरू केला, की पहिल्या काही मिनिटांत लोकांच्या तक्रारी येतात. काहीही बिघडलेलं नसतं. पहिला घाणा आहे. तेलाचा अंदाज यायला वेळ लागतो.

हरवलेलं ‘का’

आता जे सांगायचं होतं, त्याकडे येते.

मी पूर्वी ज्या कंपनीत होते, तिचं नाव राहू दे, तिथे मालाची पाठवणी ठरवणारी एक जुनी जावा प्रणाली होती. तिच्यातला एक भाग कुणीतरी बाहेरून करून घेतला होता. बाइटकोडची फाइल रोज बिनतक्रार चालत होती. सोर्स मात्र कुणाकडेच नव्हता. ज्या सर्व्हरवर तो ठेवला होता तो कधीच मोडीत गेला होता. प्रणाली बदलायची ठरली, तेव्हा या फाइलमध्ये काय आहे ते शोधायचं काम माझ्याकडे आलं.

इथे आईची उपमा थोडी तुटते. दळलेल्या भाजणीतून उडीद डाळ वेगळी काढता येत नाही. बाइटकोडमधून बरंच परत मिळतं. जावाच्या फाइलमध्ये क्लासची आणि मेथडची नावं शाबूत राहतात, कारण व्हर्च्युअल मशीनला ती लागतात. डीकंपायलर नावाचा प्रोग्रॅम त्यावरून सोर्ससारखं काहीतरी पुन्हा लिहून देतो. डच नावांच्या मेथड्स माझ्यासमोर ओळीने उभ्या राहिल्या, आणि मला वाटलं, झालंच काम.

पण दोन गोष्टी परत येत नाहीत. एक, आकड्यांची नावं. सोर्समध्ये कुणी एखाद्या कायमच्या आकड्याला छान नाव दिलं असेल, तरी कंपायलर ते नाव सोडून जागोजाग नुसता आकडा बसवतो. दुसरी, कॉमेंट्स. प्रोग्रॅमर ओळीच्या बाजूला माणसांसाठी टिपणं लिहून ठेवतो: हे असं का केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं. यंत्राला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून कंपायलर ती पहिल्याच पायरीवर टाकून देतो. व्हर्च्युअल मशीनपर्यंत ‘काय’ आणि ‘कसं’ पोचतं. ‘का’ पोचत नाही.

मला त्या फाइलमध्ये एक आकडा सापडला, ८८९९. तो आला की पोचवण्याच्या तारखेत दोन दिवस वाढवायचे. डच सहकारी लगेच म्हणाला, हा फ्लीलांड बेटाचा पोस्टकोड. ठीक, फेरीने माल जातो, वेळ लागणार. पण शेजारच्या तेर्सखेलिंगसाठी एकच दिवस वाढवलेला होता, आणि दोन्ही बेटांना फेरी हार्लिंगनहूनच जाते. मग फ्लीलांडला दोन का? बाहेरून येणाऱ्यांना तिथे गाडी नेता येत नाही, म्हणून असेल? की कुणा जुन्या गिऱ्हाइकाशी काही ठरलं होतं? ज्यांनी ते लिहिलं त्यांचा पत्ता लागला नाही. शेवटी आम्ही नव्या प्रणालीतही दोनच दिवस ठेवले. कारण कळल्याशिवाय काढायची हिंमत झाली नाही.

याच्या उलट एक उदाहरण सांगते, तेही इथलंच. पायथनसाठी टिम पीटर्स यांनी २००२ साली यादी क्रमाने लावायची एक हुशार पद्धत लिहिली. ती इतकी चांगली निघाली की २०११ साली जावानेही उचलली आणि अँड्रॉइड फोनमध्येही गेली. म्हणजे जगभरातली असंख्य यंत्रं रोज ती चालवत होती. जावाच्या सोर्समध्ये त्या ठिकाणी एक कॉमेंट होती: क्रमाने लागलेल्या तुकड्यांची जी चळत आपण ठेवतो, तिच्यात लांबीचं अमुक नातं कायम राहतं. त्याच भरवशावर चळतीसाठी जागा राखलेली होती. सीडब्ल्यूआयशी संबंधित संशोधक आणि त्यांचे जर्मनीतले सहकारी हे विधान गणिताने सिद्ध करायला बसले, आणि सिद्धता पुरी होईना. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं, की ते विधान नेहमी खरं नसतं, आणि विशिष्ट यादी दिली तर राखलेली जागा अपुरी पडून प्रोग्रॅम कोसळतो. इतक्या वर्षांत एवढ्या लोकांच्या हाताखालून गेलेली चूक सापडली, कारण लिहिणाऱ्याने आपलं ‘का’ लिहून ठेवलं होतं. ते चुकीचं होतं, पण लिहिलेलं होतं. म्हणून कुणीतरी ते तपासू शकलं.

डबा

मार्चमध्ये मिरजेहून परत आले, तेव्हा फ्रीझर उघडला आणि डबा दिसला. मी खण बंद केला. पुढचे सहा महिने मटार काढतानाही त्याच्याकडे बघितलं नाही.

मध्ये एकदा लक्षात आलं, की आईच्या भाजणीचं प्रमाण माझ्याकडे नाही. दर वर्षी डबाच येत होता, त्यामुळे विचारावं लागलं नाही. मी मिरजेला मावशीला फोन केला. तिने धडाधड सांगितलं: “चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, अर्धी वाटी पोहे, पाव वाटी धणे, दोन चमचे जिरं. आणि अक्का मूठभर साबुदाणा घालायची.”

“साबुदाणा का गं, मावशी?”

“अगं, एका वर्षी घरात नवाच तांदूळ आला होता. चकल्या मऊ पडायला लागल्या. म्हणून अक्काने साबुदाणा भाजून घातला. मग तशीच सवय पडली.”

“हे कधीचं?”

“तू झालीसही नव्हतीस तेव्हा.”

“मग जुन्या तांदळाला साबुदाणा लागतो का?”

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ते आता मला काय ठाऊक, बाळा. अक्कालाच विचारायला हवं होतं.”

फोन ठेवला आणि मला ते फ्लीलांडचे दोन दिवस आठवले. ऑफिसात त्या आकड्यावर मी हसले होते.

गणपती झाल्यावरच्या रविवारी लेकीने मटार काढताना डबा बाहेर ओढला. “आई, हे किती दिवस ठेवायचं?”

“राहू दे. आजीचं अक्षर आहे त्याच्यावर.”

ती म्हणाली, “अक्षर झाकणावर आहे. आतलं नुसतं ठेवून ते काय आजीचं राहणार? प्रोग्रॅम चालवलाच नाही तर ती नुसती फाइल असते.”

तिचं मराठी डच चालीवर जातं, पण मुद्दा बरोबर होता. मी तेल, पाणी, हिंग, तीळ, तिखट काढलं. मोहनाचा अंदाज हाताला होता, तेवढं आईने उभं राहून शिकवलं होतं. पहिला घाणा बिघडला. इंडक्शनवर तेल पुरेसं तापलं नव्हतं आणि चकल्या तेल पिऊन मऊ झाल्या. दुसरा बरा झाला. तिसऱ्याला लेकीने एक उचलली, मोडली, कान देऊन आवाज ऐकला, अगदी आई ऐकायची तसा, आणि मान डोलावली. नवरा काही न बोलता चार खाऊन गेला. डबा रिकामा झाला.

संध्याकाळी लेक लॅपटॉप घेऊन बसली. तिने पायथनमध्ये एक फाइल केली. भाषेचे स्वतःचे शब्द इंग्रजीत ठेवावेच लागतात, पण आपण देतो ती नावं देवनागरीत चालतात, हे मी तिला दाखवलं. तिने ‘फराळ’ नावाचा क्लास लिहिला, त्याच्या पोटात ‘चकली’. वाट्यांचं प्रमाण घातलं, म्हणजे माणसं किती ते सांगितलं की हिशोब बाहेर येतो. आणि प्रत्येक जिनसाच्या बाजूला कॉमेंट लिहिली. पोहे कशासाठी, धणे शेवटी का भाजायचे, जे जे मावशीकडून आणि माझ्याकडून कळलं ते सगळं. साबुदाण्याच्या ओळीपुढे तिने लिहिलं आहे: ‘नव्या तांदळासाठी. जुन्या तांदळाला लागतो का, माहीत नाही. दोन्ही करून बघायचं.’

ही फाइल चालवली की व्हर्च्युअल मशीन त्या कॉमेंट्स बघणारही नाही. त्या आमच्यासाठी आहेत.

वाचकहो, तुमच्याकडेही फ्रीझरमध्ये असा एखादा डबा असेल. मेतकूट, गोडा मसाला, लसणाची चटणी. पाठवणारं माणूस फोनवर असेल तर या दिवाळीत त्याला प्रमाण विचारा, आणि प्रमाण सांगून झालं की ‘असं का?’ हेही विचारा. उत्तर ‘आमच्याकडे असंच करतात’ असं आलं, तरी तेही लिहून ठेवा.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी घरी भाजणी केली. दोन प्रकारची, साबुदाणा घालून आणि न घालता. जुन्या डब्यावरची चिकटपट्टी लेकीने हलक्या हाताने सोडवली आणि नव्या डब्यावर चिकटवली. आईच्या अक्षरापुढे थोडी जागा मोकळी होती. तिथे तिने साल घातलं.